आधी पाट काढा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भुताखेतांची पुस्तकं शेवटच्या कपाटात असायची. त्या कपाटाची किल्ली निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होती, आणि त्यातलं एकही पुस्तक मी कधी घरी नेलं नाही. भीती वाटायची म्हणून नाही, वेळ वाया जाईल म्हणून. या सदरातले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात कारण शोधून ठेवत असे... उंदीर असेल, वारा असेल, माणूस थकलेला असेल. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. तुम्हीही कारण शोधा. सापडलं तर मला ते हवंच आहे.

मी नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला राहतो. तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. माझी पत्नी विजया या माघात गेली. आजार लांबला होता, त्याबद्दल लिहीत नाही. ती सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होती, मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायची. माहेर वणीजवळचं, शेतकरी घर. आणि तिला एकच नाद होता — कम्प्युटरवर शहरं वसवायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेममध्ये तुम्हाला मोकळी जमीन मिळते, एखादी नदी मिळते. रस्ते आखायचे, घरांना, दुकानांना, कारखान्यांना जागा ठरवून द्यायच्या, वीज-पाणी पोचवायचं. मग माणसं आपोआप राहायला येतात आणि तक्रारी करायला लागतात. जिंकणं-हरणं नाही. शहर चालत राहिलं पाहिजे, एवढंच.

कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली की ती चहाचा कप घेऊन टेबलाशी बसायची. तिच्या शहरासाठी मी दोन-चार चांगली नावं सुचवली होती. ती म्हणाली, "तुमची नावं पाटीवर मावायची नाहीत." आणि ठेवलं काय, तर विजूवाडी! लाखाच्या वर वस्ती, पण वाडी. तिथल्या लोकांना ती 'माझी माणसं' म्हणायची. स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, कुठे आग लागलीय का बघा जरा, मी फोडणी देतेय!"

मी पुस्तक खाली ठेवून बघायचो. "लागलीय. शाळेला."

"मग शांतपणे सांगताय काय! बंब पाठवा!"

खऱ्या शहराकडेही ती तशीच बघायची. स्कूटरवर मागे बसलेली असली आणि आम्ही द्वारका चौकात अडकलो की माझ्या खांद्यावर बोटं वाजवत म्हणायची, "इथे येणारे रस्ते मोजा. माणसाच्या हाताला इतकी बोटं असती ना, तर घास तोंडात गेला नसता." रांगेत उभं राहायचा तिला कंटाळा नव्हता. रांग का लागली ते शोधण्यात तिचा वेळ जायचा.

आजारपणात तिने विजूवाडीच्या वर, नदीवर, धरण बांधायला घेतलं. भिंत पूर्ण झाली, पाणी साठायला लागलं, आणि मग तिला टेबलाशी बसणं जमेना. गेम तिने तिथेच थांबवून, सेव्ह करून ठेवला.

शेवटच्या दिवसांत ती घरीच होती. बोलणं तुटक झालं होतं. आमची मुलगी केतकी पुण्याहून आली होती, माझ्या मोठ्या वहिनी होत्या. एका सकाळी विजयाने माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "अहो, आधी पाट काढा. मग बाकीचं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिला पाटावर बसून जेवावंसं वाटत असेल. काढा."

आमच्याकडे तिच्या लग्नातला सागवानी पाट आहे, चार कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. तो माळ्यावरून काढला, पुसला, तिच्या पलंगाशी मांडला. तिने पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली. "हा नाही हो."

आम्ही शेजारून दुसरा आणला. चौरंगसुद्धा आणला. तोवर तिला झोप लागली होती. त्यानंतर ती फारसं काही बोलली नाही.

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पिंडाला कावळा लगेच शिवला. वहिनी म्हणाल्या, "बघा, काही राहिलं नाही तिचं." तेराव्याला तिचं पान त्याच पाटावर वाढलं. सगळ्यांचं समाधान झालं. माझं नाही झालं. "हा नाही हो" माझ्या कानातून जात नव्हतं. तिचं काहीतरी राहिलं होतं आणि ते मला कळलं नव्हतं.

वैशाखात, एका दुपारी, मी तिचा कम्प्युटर उघडला. विजूवाडी समोर आली... थांबवलेली. बस थांब्यावर माणसं उभी, पुलावर गाड्या उभ्या, कारखान्याच्या धुराड्यातला धूरसुद्धा जागच्या जागी. ते मला बघवेना. मी तिथेच ठरवलं की हे शहर चालू करायचं. मला खेळता येत नव्हतं. शिकायचं, त्यात काय.

चालू करायचं बटण दाबलं. गाड्या हलल्या, बस सुटल्या. मला इतकं बरं वाटलं! पण थोड्याच वेळात धरण काठोकाठ भरलं, भिंतीच्या बाजूने पाणी फुटलं आणि नदीकाठचा तिचा बाजार, घाट, शाळा, सगळं पाण्याखाली गेलं. घरांवर लाल खुणा उमटल्या. माणसं शहर सोडून जायला लागली. मी घाबरून गेम बंद केला. न साठवता बंद केला, की तो पुन्हा तिने थांबवलेल्या क्षणावर उघडतो. एवढं तरी मला ठाऊक होतं.

चहा ठेवायला उठलो. परत आलो तर टेबलापुढे, जमिनीवर, तो पितळी फुलांचा पाट मांडलेला होता.

तेराव्यानंतर तो स्वयंपाकघरात दारामागे उभा करून ठेवला होता. मला वाटलं, मीच आणला असेन. अशा दिवसांत माणूस काय काय करतो आणि विसरतो. उचलला, तर हाताला ओल लागली. वरची बाजू कोरडी. खालची ओली. थेंब पडत होते, आणि चिखलाचा वास येत होता. वैशाखातली नाशिकची दुपार — दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक होतो. फरशी पाहिली, कोरडी. नळ बंद. कूलर आम्ही वापरत नाही.

मी पाट पुसून दारामागे ठेवला आणि कारण शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी धरणाची भिंत उंच करून पाहिली. पाणी उशिरा आलं, पण आलं, आणि जास्त आलं. बाजार पुन्हा बुडाला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या लताबाई तेव्हा घरात होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, पाटावर पाय ठिवून बसता व्हय? पाटाला पाय लावू नाय."

मी खाली पाहिलं. पाट माझ्या खुर्चीपुढे होता.

"तुम्ही आणून ठेवलात का हा?"

"मी कशाला ठिवू? माझे हात कणकेचे हायेत." त्यांनी हात पुढे करून दाखवले. मग वाकून पाट उलटा केला. "आणि भिजवला कशानं? लाकूड फुगंल ना, सर."

पुढचे बरेच दिवस असेच गेले. मी रोज दुपारी बसायचो. भिंत मागे नेली, पुढे नेली, काठाला बांध घातले. गेमच्या माहितीची पानं वाचून काढली. ज्या दिवशी विजूवाडी बुडायची त्या दिवशी पाट समोर यायचा, खालून ओला. ज्या दिवशी मी कम्प्युटर उघडत नसे, त्या दिवशी तो दारामागे मुकाट उभा असायचा. भीती वाटली का, असं कोणीही विचारेल. खरं सांगतो, राग यायचा... स्वतःचा. ती काहीतरी सांगते आहे आणि मला कळत नाही, हे आमच्या संसारात नवीन नव्हतं. पण तेव्हा ती दुसऱ्यांदा सांगायची, जरा आवाज चढवून. आता तेवढीही सोय नव्हती.

शेवटी मी तो पाट माळ्यावर टाकला. माळ्याच्या दाराला कडी आहे, ती लावली. शिडी बाल्कनीत नेऊन ठेवली. मग येऊन टेबलाशी बसलो आणि ठरवलं की काहीही झालं तरी खुर्चीवरून उठायचं नाही.

शहर चालू केलं. पाणी भरलं. भिंतीच्या कडेने फुटलं. बाजाराच्या पहिल्या गल्लीत पाणी शिरलं, त्या क्षणी माझ्या तळपायांना गार लागलं.

मी पाय वर घेतले. पाट पायांखाली होता. या वेळी वरूनही ओला.

माळ्याची कडी लावलेली होती. शिडी बाल्कनीत होती. मी उठलो नव्हतो.

पाट पुसून पुन्हा माळ्यावर टाकला, कडी लावली आणि केतकीला फोन केला. पाटाचं सांगायचा धीर झाला नाही. म्हणालो, तुझ्या आईचं शहर रोज बुडतंय, काय करू?

ती म्हणाली, "बाबा, तू अजून तेच करतोयस? ते धरण पाडून टाक ना."

"तिने बांधलंय ते. पाडायचं नाही."

"मग भिंत वाढव."

"वाढवली. कडेने येतं."

"मग बाजूने एक कॅनॉल काढून दे. जास्तीचं पाणी शहराच्या खाली नेऊन सोड."

मला इंग्रजी शब्द आला की मराठी शब्द सुचवायची खोड आहे. घरातले सगळे त्यावरून हसतात. मी म्हणालो, "कालवा म्हण."

"बरं, कालवा," ती हसली. "आईसमोर कालवा म्हणालास तर ती म्हणाली असती, कसला गलका? आजोळी कुठे कोण कालवा म्हणतं? मामासुद्धा पाटच म्हणतो. पाटाला पाणी आलं, पाटावर जाऊन येतो, यंदा नवीन पाट का—"

ती थांबली. ती त्या सकाळी खोलीतच होती.

शब्दकोशातले पाटाचे दोन्ही अर्थ मला माहीत होते. पण मी जुन्या नाशकात, घाटाजवळ वाढलेला. आमच्या घरी पाट म्हणजे बसायचा. पलंगावरचं माणूस पाट मागतं तेव्हा तेच डोळ्यांपुढे येतं.

"बाबा," केतकी म्हणाली. "काढ."

मी विजूवाडी पुन्हा उघडली. थांबवलेलीच ठेवली आणि धरणापासून खालपर्यंत नजर फिरवली. कारखाने आणि घरं यांच्या मधे एक लांबट मोकळा पट्टा होता, धरणाच्या बाजूने निघून बाजाराला वळसा घालून पुन्हा नदीला मिळणारा. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. मला वाटायचं, इथे बांधायचं राहून गेलं. तिने एक घरसुद्धा त्या पट्ट्यात येऊ दिलं नव्हतं. रस्त्यांनी तो ओलांडला होता, पण छोट्या छोट्या पुलांवरून. खाली पाणी नसताना तिने पूल बांधून ठेवले होते!

मी जमीन खणायला घेतली. पहिल्यांदा पाणी मधेच तुंबलं. मग आठवलं, सासरे म्हणायचे आणि तीही म्हणायची, "पाण्याला उतार दिसला पाहिजे, नाहीतर ते रुसून बसतं." वरून खालपर्यंत उतार धरून पुन्हा खणलं. रेषा वाकडी झाली. तिने पाहिली असती तर खोडून काढायला लावली असती.

शहर चालू केलं. धरण भरलं. पाणी काठाशी आलं... आणि वळलं. त्या सगळ्या कोरड्या पुलांखालून एकामागून एक ते पुढे गेलं, बाजाराच्या मागून फिरलं आणि खाली नदीला मिळालं. बाजारात कोणाचं पाऊलही भिजलं नाही. थांब्यावरची माणसं बसमध्ये चढली. मी गेम साठवला. तिच्या थांबवलेल्या क्षणावर मी पहिल्यांदाच नवीन क्षण ठेवला.

मग खाली पाहिलं. पाट नव्हता. तो माळ्यावर होता, कडीच्या आत. शिडी लावून पाहून आलो. कोरडा.

केतकीला नंतर सगळं सांगितलं. ती म्हणाली, लाकूड ओल धरतं, बाबा. मीही तेच म्हणून पाहिलं. मग म्हणाली, तूच आणत असशील, भान नसेल. तेही मी मानायला तयार आहे. पण कडी, शिडी, आणि तो चिखलाचा वास? लताबाईंनी ओला पाट स्वतःच्या हाताने उलटा केला होता, त्याचं काय? ग्रंथालयात आम्ही न लागणारी पुस्तकं वेगळी काढून ठेवायचो, कोणत्या विषयात घालावीत ते न कळणारी. हे तसंच राहिलं आहे. विषय लागत नाही.

विजूवाडी मात्र चालू आहे. पूर येईना म्हटल्यावर नवे लोक राहायला आले, आणि आता घरं पुरत नाहीत. नदीपलीकडे मी नवी वस्ती आखली आहे. रस्ते तिच्याइतके सरळ आलेले नाहीत. इथेच थांबतो — पलीकडच्या लोकांची तक्रार आहे की त्यांच्याकडे अजून बस जात नाही.