शुभेच्छुकांची पट्टी

चांदपाशांच्या औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात अकरा वर्षांत सुलेखानं किती चेहरे चिकटवले, ते देवालाच ठाऊक. वाढदिवसाच्या बॅनरवर वर साहेबांचा फोटो, मधे गॉगल लावलेले भावी नगरसेवक आणि खाली शुभेच्छुकांची पट्टी. एकाला लागून एक गोल, त्यात नीट भांग पाडलेली तीस-चाळीस डोकी. कुणाचा गोल शेजाऱ्यापेक्षा जरा लहान झाला, तर संध्याकाळी दुकानासमोर चार मोटारसायकली येऊन उभ्या. सुलेखा निमूट गोल मोठा करायची.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तिची व्हिडिओवर मुलाखत घेतली. समोरच्या बाईंनी सगळी कामं बघितली, हातात सफाई आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "यात तुमचं स्वतःचं काही आहे का?"

सुलेखानं आणखी एक वाढदिवसाचा बॅनर उघडून दाखवला. नोकरी मिळाली नाही, त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. भीती मात्र मनात घर करून बसली. दुसऱ्यांचे चेहरे लावता लावता आपली नजरच मेली असेल तर?

मग तिनं चंग बांधला. आठवड्याला एक पोस्टर, अशी पन्नास. ना गिऱ्हाईक, ना कुणाचं नाव. नवरा शिवराज पहिल्या पाळीला गेला, की बजाजनगरच्या दोन खोल्यांत ती लॅपटॉप उघडून बसायची. कधी नान खलियाची थाळी, कधी हुरड्याची शेकोटी, कधी कंपनीच्या गेटवर सुटलेली पाळी. देवगाव रंगारीहून माय फोनवर विचारायची, "कोणासाठी करती गं हे?"

"माझ्यासाठी," सुलेखा सांगायची. मायला ते काही पटायचं नाही.

सव्वीस पोस्टरं झाली तेव्हा एका रविवारी तिनं सगळ्यांचे झेरॉक्सच्या दुकानात काढलेले प्रिंट फरशीवर मांडले. शिवराज चहाचा कप घेऊन त्यांच्यामधून जपून पावलं टाकत फिरला.

"लई भारी झालेत," तो म्हणाला. "पण खाली फोटो कोणाचे येणार?"

"कसले फोटो?"

"मंग ही जागा कशाला सोडली? सगळ्यांतच हाय की."

सुलेखानं वाकून बघितलं. थाळी वर सरकलेली. शेकोटी वर सरकलेली. गेटवरची माणसंसुद्धा वरच दाटीवाटीनं उभी. आणि सव्वीसच्या सव्वीस पोस्टरांत खाली चार बोटांची कोरी पट्टी. कुणी मागितली नव्हती. हातानं आपली आपण सोडली होती.

ती आधी शिवराजवर भडकली, त्याचा काहीच गुन्हा नसताना. मग स्वतःच्या हाताचा असा राग आला, की डोळ्यांतून पाणीच आलं. तिनं ते लपवलं नाही.

"अगं, खाली रंग भरून टाक," शिवराज चाचरत म्हणाला.

"रंगानं नाय भागत. चित्रच वर पळालंय. पुन्हा करते, पहिल्यापासून."

"सव्वीसच्या सव्वीस?"

"व्हय."

त्याच आठवड्यात, आठ दिवस कोरड्या असलेल्या नळाला पाणी आलं. ड्रम, हंडे, बादल्या, तेलाचे डबे, जे सापडेल ते घेऊन गल्ली बाहेर पडली. सुलेखानं आपलं भांडं भरलं आणि लॅपटॉपवर तीच पाण्याची गर्दी काढायला बसली. हात सवयीनं तीनदा वर गेला. तीनदा तिनं चित्र खाली ओढलं. चौथ्यांदा शेवटची बादली पार कागदाच्या खालच्या कडेवर येऊन टेकली.

दुकानात ती फाईल छापायला दिली. चांदपाशांची एक रीत होती. दुकानातून काहीही बाहेर पडो, खालच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर हवाच. ते स्वतः माउस घेऊन बसले. डावा कोपरा बघितला, उजवा बघितला.

"बेटा, नाव कुठं टाकू? जरा बी जागा नै ठेवली तू."

"नाय ठेवली, चाचा."

त्यांनी नंबर एका बादलीवर ठेवून बघितला. लगेच काढला. पुन्हा थोडा वेळ चित्र बघत राहिले.

"नै जमत," ते म्हणाले. "कायतरी झाकतंच." आणि त्यांनी नावाशिवाय छपाईचं बटण दाबलं.

सुलेखाला फार आनंद झाला. प्रिंट हातात आल्यावर तिनं त्याच्या पाठीमागं पेनानं आकडा टाकला, १. अजून एकोणपन्नास बाकी होती.