नलूआत्याचा कान

मशीन चालू झाली की नलूआत्या तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. तीर्थपुरीच्या बाजारात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, झाडं कापायच्या चेनच्या मशीनी, सगळं तिच्याकडे यायचं. "तोंड पाहून दुखणं कळत न्हाई. गप ऱ्हा, ऐकू दे," म्हणायची. मधे बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दुकानाबाहेर काढायची. लोक तिला कजाग म्हणत. अजूनही म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं.

माझा धाकटा भाऊ भगवान एका ठेकेदाराकडे वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडायला जायचा. ठेकेदाराची मशीन जुनी. रेस सोडली तरी आतून खडखड यायची, डब्यात खडे हलवल्यासारखी. भगवाननेच हट्ट धरून ठेकेदाराला आत्याकडे आणलं. आत्याने पाठ फिरवून ऐकलं. मग चेन काढून पुन्हा ऐकलं.

"क्लचची स्प्रिंग तुटली," ती म्हणाली. "रेस सोडली तरी चेन फिरून राह्यली. माणसाला वाटतं थांबली, अन् तो पाय पुढं टाकतो. जालन्याहून स्प्रिंग येईस्तोवर हिला हात लावायचा न्हाई."

"आवाजच हाय ना, नलूबाई? बाग जल्दी साफ करून द्यायचीय. मंग पाहू," ठेकेदार म्हणाला.

"मशीन बोंबलून सांगून राह्यली, अन् तू म्हणतो आवाजच हाय?"

आत्याने चेन परत दिलीच नाही. ठेकेदाराने तशीच मशीन उचलली, दुसरीकडून चेन आणली आणि सकाळी भगवानला बागेत उभं केलं. नाही म्हणाला असता तर काम गेलं असतं. दुपारी भगवानचा गुडघा फाटला. "त्याचंच लक्ष नव्हतं," ठेकेदार दवाखान्याच्या दारात म्हणाला. हे वाक्य मला आजही शांतपणे लिहिता येत नाही.

आत्या स्वतः बागेत गेली आणि पडलेली मशीन घेऊन आली. ठेकेदार मागायला आला तेव्हा म्हणाली, "भगवान पळत आला की ने." मशीन तिने दुरुस्त केली नाही, चेन काढून फळीवर ठेवली. कुणी "असू द्या, चालतंय तोवर चालू द्या" म्हणालं की ती खाली काढायची, सुरू करायची आणि सांगायची, "ऐक. माझ्या भाच्याचा पाय गेला तो हा आवाज." गिऱ्हाईक मुकाट्याने आपली मशीन ठेवून जायचं.

आत्या या उन्हाळ्यात गेली. तेराव्याला ठेकेदार आला, पोटभर जेवला आणि हात धुता धुता मला म्हणाला, "म्हातारी तापट होती, पण मनाची चांगली. ती आपली मशीन आता नेऊ का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भगवान उठला. लंगडत दुकानात गेला, मशीन आणून अंगणात ठेवली आणि दोरी ओढली. खडखड सुरू झाली. पंगतीतली माणसं जेवायची थांबली. भगवान मशीनकडे पाठ करून ठेकेदारासमोर उभा राहिला.

ठेकेदार काहीतरी बोलायला लागला.

"गप ऱ्हा," भगवान म्हणाला. "ऐक."