खालचा सूर बाबांचा

बाबा आमच्याकडच्या धानाच्या मुलखातल्या, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू व्हायचा आणि ते होळीपर्यंत गावोगाव फिरायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. बोलणं हळूहळू परत आलं, काठीच्या आधारानं पाऊलही पडू लागलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. झाडीपट्टीतल्याच गोरेगावच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत त्यांचा ऑर्गन होता. त्याच्याकडे पाठ येईल अशीच खाट टाकायला त्यांनी सांगितलं.

वर्षभरात उंदरांनी त्याच्या पायानं मारायच्या भात्याचं कातडं कुरतडलं. मला ते बघवेना. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती तेव्हा मी नागपूरला एका कारागिराकडे गेले. त्यानं नुकताच तसाच एक ऑर्गन दुरुस्त केला होता. काम कसं झालंय ते बघून या, म्हणून त्यानं मला एका बाईंचा पत्ता दिला. बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. आयुष्यभर चर्चमध्ये वाजवत आलेल्या. मी दारात पोचले तेव्हा त्या वाजवतच होत्या. मी घंटी न दाबता उभी राहिले.

एक लहानशी सुरावट एकटीच निघाली. ती संपते न संपते तोच दुसऱ्या आवाजानं तीच सुरावट वरच्या पट्टीत उचलली, आणि पहिला आवाज थांबला नाही, तो आपलं वेगळंच काही सांगत तिच्यासोबत चालत राहिला. मग खालून तिसरा आला. तिघं बोलत होते आणि तिघांचंही ऐकू येत होतं. आमच्या घरात आजारपणानंतर कुणी फारसं बोलत नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

बाईंनी सांगितलं, याला फ्यूग म्हणतात. मला लिहायला शिकता येईल का, असं मी विचारलं. माझं वय बेचाळीस, लहानपणी बाबांकडे पेटी शिकले तेवढीच शिदोरी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तीनशे वर्षांपूर्वी इटलीत नेपल्स शहरात अनाथ पोरांना हे शिकवत, पोटापाण्याची विद्या म्हणून. पुस्तकी नियम नंतर. आधी गुरू फक्त खालचा सूर द्यायचा, चार-आठ सुरांची एक चाल. तिच्यावर वरचे आवाज शिष्यानं वाजवतच शोधायचे. रोज एक चाल, वर्षानुवर्षं. शेवटी शेवटी त्या चालीतच फ्यूग दडलेला असायचा. मलाही त्या तसंच शिकवणार होत्या, दर रविवारी फोनवर.

भाता नवा झाला आणि माझे धडे सुरू झाले. शाळेतून आले की मी बसायची. मला वाटलं होतं गणितवालीला हे जमेल. मी बाईंनी दिलेली चाल वहीत उतरवायची, वरचे आवाज हिशोबानं बसवायची, मग वाजवून फोनवर पाठवायची. चार महिन्यांनी एका रविवारी बाईंनी मी पाठवलेलं दोनदा ऐकलं.

"यात चूक एकही नाही," त्या म्हणाल्या. "पण तू ऐकत नाहीस, सोडवतेस. खालचा सूर दुसऱ्या कुणाला वाजवू दे. पूर्वी गुरू-शिष्य एकाच बाकावर बसायचे. तिथे आहे का कुणी?"

मी नाही म्हणाले. बाबा ऐकत होते हे मला माहीत होतं.

त्यांना मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. एकदा आईनं वाजवता का विचारलं होतं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. मी आपली रोजच्यासारखी वाजवत राहिले. आठेक दिवसांनी संध्याकाळी पाठीमागून आवाज आला.

"डावा हात उशिरा पडून राहिला तुया."

मी म्हटलं, पडतोय खरा. पुन्हा वाजवलं.

"आताही पडला. उजव्याकडे पाहून राहिली तू. डाव्याची वाट कोनी पाहावं?"

मी बाकावर उजवीकडे सरकले. काठीचा आवाज आला. बसायला त्यांना वेळ लागला. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, म्हणून मी चाल सा-रे-ग-म करून गायले. दोनदा ऐकून त्यांनी ती डाव्या हातानं वाजवली. भाता मी मारत होते, त्यांच्या पायात तेवढं बळ नव्हतं. वर काय वाजवायचं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण वहीकडे बघायला सवड मिळाली नाही. बाबा एका सुरावर जरा रेंगाळले, नाटकात गाणारा ओळ विसरला की थांबायचे तसे, आणि माझा हात आपोआप त्या रेंगाळण्यात काहीतरी भरत गेला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पदराला हात पुसत उभी राहिली.

त्या रविवारी बाईंनी ऐकलं आणि एवढंच विचारलं की खाली कोण आहे.

तेव्हापासून वर्षभर आम्ही रोज बसलो. बाबा कंटाळले की डाफरायचे, मी कंटाळले की चहा ठेवायची. मग बाईंनी सांगितलं, आता स्वतःचा फ्यूग लिही, मूळ सुरावट तुझी. मी आठ-दहा सुरावटी लिहून खोडल्या. एकदा बाबा बसल्या बसल्या सात सुरांची एक वेडीवाकडी ओळ वाजवत होते. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, नव्या गावात पोचल्यावर वाटेत ऑर्गनचे सूर दबले का ते यानं पाहायचो. तीस वर्षं ते ती वाजवत आले होते आणि कुणी ती गाणं म्हणून ऐकली नव्हती. मी तीच घेतली.

"हे कायले घेतं?" ते म्हणाले. "यात काय आहे?"

"मला आवडते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडून दाढी करवून घेतली आणि मगच बाकावर बसले.

तीन आवाजांचा तो फ्यूग लिहायला पाच महिने लागले. वरचे दोन माझ्या दोन हातांत, खालचा बाबांकडे. तो ऐकायला बाई स्वतः आल्या, नागपूरहून बसनं, या वयात. आम्ही वाजवलं. मधे दोनदा अडखळलो. संपल्यावर बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि वहीत शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वाजवताना तिथे बाबांचा आवाज आणि माझा मधला आवाज सा-पच्या अंतरानं सलग बरोबर चालत होते. जुन्या गुरूंनी याला सक्त मनाई केली आहे, त्या म्हणाल्या. दोन आवाज असे चालले की त्यांचा एकच होतो. मी वहीत लिहिलं होतं ते निराळं होतं. बाबांनी ते आपल्या मनानं बदललं होतं.

बाबा म्हणाले, "बाई, तिथं पोरीचा सूर एकटा पडून राहिला होता. म्हनून गेलो सोबत."

बाईंनी पेन्सिल मागितली. मग त्यांनी माझ्या वहीतली ती जागा खोडली आणि बाबांनी वाजवलं होतं तसं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. खाली लहानसं लिहिलं: असंच राहू द्यावं.

जेवण झाल्यावर आईनं त्यांना मुरमुऱ्याचे लाडू बांधून दिले. चार वाजता मी त्यांना मोटारसायकलवर स्टँडवर सोडलं. परत आले तर बाबा एकटेच बाकावर बसले होते. भाता मारायला कुणी नव्हतं, तरी त्यांच्या डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून चालत होती.