शुद्ध मराठीत विचारा

मोबाइलात हसनारे पिवळे चेहरे. एकाखाली एक. मी माह्या दुखन्याचं विचारलं होतं, आन बाया हसून राहिल्या होत्या.

पोरगी अंगावर पीत होती माही. डाव्या छातीत गाठ धरली. दगडासारखी. अंगात ताप. पोरीनं तोंड लावलं का जीव जाय. माय नाही मले. सासू म्हने, "पाजू नको, दूध नासलं." आमच्या सानगडी गावात आनखी कोनाले विचारू? बाळंतपनात बाजूच्या खाटेवरच्या बाईनं साकोलीच्या आयांच्या व्हाट्सॲप ग्रुपात जोडून देल्लं होतं. पोरगी मांडीवर, लिवू कशी? बोलूनच पाठवलं. "बाई, माह्या छातीत गाठ झाली. लय दुखून राहिलं. पाजू का नको पाजू?"

ग्रुप चालवनारी कापड दुकानवाल्यांची सून. तिनं लिवलं, "इथे शुद्ध मराठीत विचारा." मंग माह्या नावाजवळच्या फोटोत मागचं बुद्धविहार दिसलं असन. लिवलं, "तुमच्या बायकांना काय होतं? धानाची रोवणी करता करता पाजता तुम्ही. हा ग्रुप वेगळ्या लोकांचा आहे."

त्याच्याखाली बायायनं ते हसनारे चेहरे टाकले. एवढ्या बाया. साऱ्यायच्या मांडीवर लेकरं.

मंग फोन आला. ग्रुपातलीच एक. नाव नाही सांगतलं. हळूच बोले.

"पाजणं बंद करू नका. त्या बाजूनंही पाजा. ताप आहे, आजच दवाखान्यात जा. पण मी सांगितलं हे ग्रुपवर बोलू नका हं."

"काहून?"

"माझं त्यांच्यात उठणं-बसणं आहे."

पोरीले पाजलं. दात खाऊन पाजलं. दवाखान्यात गेली, गोळ्या घेतल्या. गाठ जिरली. ते हसनं नाही जिरलं.

ताप उतरल्यावर मी ग्रुपात परत बोलली. त्याच बोलीत. "रोवनी करनाऱ्या बाईलेही गाठ होते. तिलेही दुखते. मी विचारलं, त्याची मले शरम नाही. हसल्या त्यायले असली पायजे."

साऱ्यायनं ऐकलं. मले ग्रुपातून काढून टाकलं.

आमच्या वस्तीतल्या बायांचा ग्रुप मी काढला. साऱ्या बोलूनच विचारतात. दवाखान्यातल्या नर्सबाईनं शिकवलं ते मी साऱ्यायले सांगून राहिली.

परवा त्या हळू बोलनारीचा फोन आला. तिच्या बहिनीले दूध उतरत नव्हतं. "कोणाला कळू न देता सांगाल का?"

सांगतलं. लेकराचा काय दोष? पन फोन ठेवाच्या आधी म्हनलं, "हे शेवटचं चोरून. पुढं आमच्या ग्रुपात या. आपल्या नावानं विचारा. मी आपल्या नावानं सांगीन, साऱ्यायच्या समोर. नाही जमत, तर फोन करू नका."