मापाचा शर्ट

माझी नणंद शिवणकामात इतकी पक्की, की गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचा खांदा नजरेनंच मापायची. वन्सं म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांची मुलगी आजारपणात गेली आणि वन्संनी माशी हाकलायचंच सोडून दिलं. रोज दुकान उघडायच्या, मशीनपुढे बसायच्या आणि म्हणायच्या, "बंद करून टाकू या आता. कुणासाठी शिवायचं?"

"गिऱ्हाइकांसाठी," मी बटणं लावता लावता म्हणायचे. माझी जीभ अशीच. मग त्या कापड न घालताच मशीन चालवत राहायच्या आणि मला ते बोलण्यापेक्षा जड जायचं.

अशात समोर नव्यानं आलेले घड्याळवाले आजोबा नवं कापड आणि मापाला जुना निळा शर्ट देऊन गेले. जुना शर्ट कापडावर पसरायचा, कडेनं खडू फिरवायचा, शर्ट बाजूला काढायचा आणि मग कात्री चालवायची. वन्संनी शर्ट बाजूला न काढताच कात्री चालवली. बाही सुटून हातात आली तेव्हा आम्हा दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

"उंदरानं कुरतडला म्हणून सांगू," मी म्हटलं.

त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी बाही उलटी केली होती. मूळची शिवण बारीक, सरळ. काखेत मात्र निळ्यावर काळा दोरा, वेडेवाकडे टाके आणि वाटाण्याएवढ्या गाठी.

"हे टाके आजोबांनीच घातलेत," वन्सं म्हणाल्या. "घरात आता सुई धरणारं कुणी नाही त्यांच्या." त्या टाक्यांवरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मला उगाच रडू आलं.

संध्याकाळी आजोबा आले. वन्संनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "चूक माझी आहे. जोडून देते, पण जोड दिसेल."

आजोबांनी बाही घेऊन छातीशी धरली. "बायकोनं शिवलेला हा शेवटचा," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उभे राहा," वन्सं म्हणाल्या. "नव्याचं माप अंगावरूनच घेते."

खांद्यावर टेप टेकली आणि आजोबांनी डोळे मिटून घेतले. वन्संनी छाती मापली, पुन्हा मापली. "बरेच उतरलात की हो तुम्ही."

"एकट्याला घास उतरत नाही."

वेळेवर जेवा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण वन्संचा हात त्यांच्या खांद्यावरच होता.

"मलाही नाही उतरत," त्या म्हणाल्या.

एका घरात राहून हे त्या मला कधी बोलल्या नव्हत्या. आजोबांनी डोळे उघडले. "तुमचं कोण गेलं?"

वन्संनी त्यांना बसायला स्टूल दिलं, स्वतः समोर बसल्या आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं.