ताटली बाहेर, चाक आत

माझ्या नाकावर राग बारमाही असतो, हे लातुरातल्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या पोराला विचारा. सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवून राहिले मी. गणिताचं उत्तर बरोबर आलं आणि अधिक-उणेचं चिन्ह चुकलं, तर अर्धासुद्धा मार्क देत नाही. वर लाल पेनानं अशी फुली मारते की ती मागच्या पानावर उमटते. अशा बाईनं स्वतः चिन्ह चुकवलं, आणि चुकवलं ते भाचीच्या लग्नाच्या ऐन तोंडावर. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सुरुवात गाडीपासून करते. मी लग्न केलं नाही. त्याचं दुःख आमच्या गावानं पुष्कळ केलं, मला वेळ नव्हता. पण पन्नाशी उलटल्यावर एक हौस केली: एका डॉक्टरांनी वापरलेली, दोन दारांची, दोनच माणसांची, पिवळीधमक स्पोर्ट्स कार घेतली. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. पहिल्या दिवशी कॉलेजच्या गेटवर पोरांनी शिट्ट्या मारल्या. आतून मी उतरले आणि सगळी पोरं एका दमात गायब झाली.

दादाला मात्र गाडी पटली नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नायगावजवळ आमचं शेत आहे, ते तो करतो. सोयाबीन, हरभरा, थोडी हळद. मला लातूरला शिकायला पाठवायचं म्हणून त्यानं दहावीनंतर वही मिटली, आणि त्याबद्दल आजवर अवाक्षर काढलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "एवढा पगार घेतीस आन् अर्धीच गाडी आणलीस व्हय?"

त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची, नांदेडला बँकेत नोकरी करते. ती या गाडीवर पहिल्या दिवसापासून फिदा. चालवायलाही ती याच गाडीवर शिकली, माझ्या शिव्या खाऊन. लग्न ठरलं तेव्हा तिनं माझ्याकडं एकच मागणं मागितलं. "आत्या, माझी पाठवणी तुझ्या गाडीतून. आन् गाडी मी चालवणार."

दागिना मागितला असता तर मी इतकी फुलले नसते. "दिला शब्द," म्हणाले.

दादानं कपाळाला हात लावला. "तुमी दोघी येड्या झाल्या का? अन् जावई काय मागं पळत येतील?" जावई शेजारी बसतील, त्यांना गाडी येत नाही, त्यांची ना नाही, असं आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं. मुलगा भोकरचा, शाळामास्तर, सरळ माणूस. त्यानं खरंच आनंदानं मान डोलावली होती. मग दादानं अट घातली. "गाडीत आधी मी बसून बघीन. कुठं खट् झालं, घर्र झालं, तर पोरगी माझी जीपमधी जाईल. त्या दिवशी मला नाहक फिकर नको."

यात काय अवघड, मला वाटलं. पण गाडीचे टायर डॉक्टरांच्या अंगणात उभ्या उभ्या कडक होऊन चिरले होते, ते बदलणं भाग होतं. त्यात भाचीनं पिन टोचली, "आत्या, हिची चाकं आत खोल गेल्यासारखी दिसतात गं. जरा बाहेर काढ ना." टायर बदलायचेच आहेत तर रिमही बदलू, असं मी ठरवलं, आणि तीन रात्री हिशेब करत बसले.

टायरचा हिशेब मी बरोबर केला, हे आधीच सांगून ठेवते. टायरवर आकडे असतात: पहिला रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या भिंतीची उंची, तिसरा रिम किती इंची. मला सतराऐवजी अठरा इंची रिम हवी होती. मग टायरची भिंत तेवढी बुटकी पाहिजे, म्हणजे एकूण चाक होतं तेवढंच राहतं आणि स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पंचेचाळीस टक्क्यांच्या जागी चाळीस. फरक तीन मिलिमीटरसुद्धा येत नव्हता. मी स्वतःवरच खूश झाले.

राहिला ऑफसेट. रिमच्या पोटात एक ताटली असते, तीच नटांनी गाडीला घट्ट बसते. ही ताटली रिमच्या बरोबर मधोमध नसते, जराशी सरकलेली असते. किती मिलिमीटर सरकलेली, त्याला ऑफसेट म्हणतात. माझ्या गाडीचा ऑफसेट अधिक पस्तीस. मला चाक दहा मिलिमीटर बाहेर हवं होतं. बाहेर म्हणजे अधिक. पस्तीस अधिक दहा, पंचेचाळीस. झालं!

लातुरातला टायरवाला, साठीचा शांत माणूस, म्हणाला, "मॅडम, पस्तीसच ठेवा. रिम अर्धा इंच रुंद घेऊन राहिलात, तेवढं बास. पंचेचाळीस आतून टेकंल."

"आतून?" मी म्हणाले. "मी बाहेर काढतेय, आतून कशी टेकेल?"

"मॅडम, ते उलटं असतंय..."

"काका, मी फिजिक्स शिकवते."

त्यानं मान हलवली आणि पंचेचाळीसच्या रिम बसवल्या. चाकं दिसायला मोठी दिसली, झळझळीत दिसली. पण बाहेर आल्यासारखी काही वाटेनात. मी मनाची समजूत घातली की ऊन डोळ्यावर आहे.

लग्नाला आठ दिवस होते. रविवारी सकाळी लातूरहून निघाले, अहमदपूर, लोहा, नांदेड करत नायगावच्या अलीकडं गावात शिरले. हमरस्त्यावर गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली. दादा धुतलेला शर्ट घालून तयारच होता. गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा आत बसला, वरचं छत चाचपलं, म्हणाला, "चल."

गल्लीतून बाहेर पडताना पहिलंच वळण काटकोनात आहे आणि तिथंच नालीवरचा उंचवटा. मी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, गाडी एका अंगाला दबली, आणि पुढच्या चाकातून आवाज आला. घर्रर्र!

मी गाडी थांबवली. मी म्हटलं, "खडा अडकला असंल." मागं घेतली, पुन्हा वळवली. घर्रर्र!

दादा उतरला. "पोरगी यात बसणार न्हाई," एवढंच म्हणाला आणि चालत घराकडं निघाला.

मला काय राग आला म्हणून सांगू! दादाचा, गाडीचा, टायरवाल्याचा, गल्लीचा. मागोमाग गाडी नेली, गोठ्यासमोर उभी केली. भाची ओसरीवर मेंदीचे नमुने बघत बसली होती, माझं तोंड बघून उठून उभी राहिली. "काय झालं आत्या?" मी चुलीतला कोळसा घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर आकृती काढून दादाला समजावू लागले की आवाज चाकाचा असूच शकत नाही, मी चाक बाहेर काढलंय. हा मधला आस, ही रिम, ही बाजू अधिक. दादानं निम्मं ऐकलं. मग तो माझ्या पिवळ्या गाडीसमोर मातीत सरळ उताणा झाला, चाकामागं हात घातला आणि काळी झालेली बोटं मला दाखवली.

"आत टेकतंय. स्प्रिंगच्या दांड्याला. टायर चकाकलंय बघ."

"कसं टेकेल? अधिक म्हणजे बाहेर!"

"काय बाहेर?"

"चाक!"

"इकडं ये," दादा म्हणाला.

त्यानं मला ट्रॅक्टरपाशी नेलं. आमच्याकडं पीक बदललं की सऱ्यांचं अंतर बदलतं, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं त्या सऱ्यांतूनच गेली पाहिजेत, नाहीतर उभं पीक चिरडतं. म्हणून ट्रॅक्टरवाले मागची चाकं काढून त्यांची ताटली उलटी करून बसवतात. एकदा चाकं जवळ येतात, एकदा लांब जातात. दादा हे दर हंगामाला करतो. मी लहानपणापासून ते बघत आलेय, एकदाही बघितलं नाही.

"ही ताटली," त्यानं मोठ्या चाकाच्या पोटावर थाप मारली. "हिला गाडी धरून असती. ही जागची हलत न्हाई. आता बघ, ताटली चाकाच्या बाहेरच्या कडंला असली तर उरलेलं चाक कुठं जाईल?"

मी ताटलीकडं बघितलं. चाकाकडं बघितलं.

"आत," मी म्हणाले.

"हां. ताटली बाहेर, चाक आत. तुझा आकडा ताटलीचा हाय, माय. तू त्यो चाकाचा समजून बसलीस."

आगं आई गं! सव्वीस वर्षांच्या सगळ्या लाल फुल्या एकदम माझ्या अंगावर आल्या. पस्तीसात दहा मिळवून मी चाक आत ढकललं होतं, आणि रिम रुंद घेतल्यामुळं ते आणखीच आत गेलं होतं. मी दगडावर बसले. भाचीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कोळशाकडं, आणि तोंडाला ओढणी लावून खी खी करून हसली. नंतर मीही. दादा तेवढा हसला नाही. तो अजून चाकाकडं बघून राहिला होता.

"मग पंचवीसची बसवते," मी म्हणाले. "चांगली बाहेर येतील."

"आन् दोघं बसल्यावर गाडी दबली की वरून मडगाडला टेकंल. गाडीचा असल त्योच आकडा ठेव. हौस कमी कर जरा."

नांदेडच्या एका गॅरेजवाल्यानं फोनवर सोपा उपाय सांगितला: ताटली आणि गाडीच्या मधे दहा मिलिमीटरची चकती घाला, रिम बदलायची गरज नाही. मला मोह झाला. कारण लातूरला परत जाऊन त्या काकांसमोर उभं राहायचं म्हणजे! पण दादा म्हणाला, "चकती-बिकती दुसऱ्या कुणाच्या गाडीला घाल. यात माझी पोरगी बसणार हाय." मी गॅरेजवाल्याला नको म्हणून फोन ठेवला.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर टायरवाल्याकडं गेले. दुकानाबाहेर पाच मिनिटं गाडीतच बसून राहिले. मग आत जाऊन एका दमात म्हणाले, "काका, चिन्ह चुकलं. माझंच चुकलं. तुमचं बरोबर होतं."

त्यानं कोपऱ्यातल्या पोत्याखालून अठरा इंचीच, पण पस्तीसच्या चार नव्या रिम काढल्या. जशाच्या तशा, बाजूला ठेवलेल्या.

"तुम्हाला माहीत होतं मी येणार?"

"माझी मुलगी तुमच्याच हाताखाली शिकली, मॅडम," तो म्हणाला. "तीच म्हणली, मॅडमला चूक सांगायची नसते. थांबायचं, त्या स्वतःच काढतात."

त्यानं टायरची आतली बाजू बोटानं तपासली. रबर चकाकलं होतं, कापलं नव्हतं. तेच टायर नव्या रिमवर चढवले. चाकं आता दोन्ही बाजूंना सारखी, सहा-सहा मिलिमीटर रुंदावली होती. भाचीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर, "आत्या, सहा मिलिमीटरनं काय दिसतंय गं?" मी कळवलं, "दिसायला लागलं की घासायला लागतं. गप बस."

दादाला दुसऱ्यांदा बसवायला मात्र जमलं नाही. लग्नघर म्हणजे काय असतं; कधी मंडपवाला, कधी आचारी, कधी पाहुणे. मीच गल्लीत दहा वेळा वळवून बघितली, आवाज नव्हता. दादाला सांगितलं. "तू म्हणतीस तर असंल," तो म्हणाला. त्या "असंल"वर मला झोप लागली नाही.

लग्न नांदेडला एका मंगल कार्यालयात झालं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, भाची पांढऱ्या साडीत इतकी गोड दिसत होती की मी दोनदा उगाचच तिच्यावर ओरडले. जेवणं झाली. चारच्या सुमारास पाठवणी. गाडी दारात उभी, झेंडूच्या एका माळेशिवाय मी काही लावू दिलं नव्हतं. भाची आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, दादाच्या पडली. दादा पाठीवर थापटत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडंच होतं. कार्यालयाच्या फाटकापाशी नालीवर उतार होता, आणि उताराला लागूनच भोकरच्या रस्त्याला काटकोनी वळण.

जावई शेजारी बसले. भाचीनं साडीचा पदर खोचला, किल्ली फिरवली. बँडवाले जीव तोडून वाजवत होते. गाडी हळूहळू फाटकाकडं निघाली, तसा दादा तिच्यापुढं धावत गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "बंद करा! बँड बंद करा!"

बँड थांबला. पाहुणे घाबरले. कुणाला वाटलं काही राहिलं, कुणाला वाटलं कुणी रुसलं. दादा नव्या धोतरानिशी फाटकापाशी उकिडवा बसला, एक हात जमिनीला टेकवला आणि कान चाकाकडं केला. सगळे चिडीचूप. गाडी उतारावर आली, एका अंगाला दबली, पुढची चाकं पूर्ण वळली.

चाकाचा आवाज आला नाही. पण त्या शांततेत, उघड्या काचेतून, दिवसभर खिदळणाऱ्या आमच्या पोरीचं हुंदके देऊन रडणं तेवढं स्वच्छ ऐकू आलं. गाडी वळली, रस्त्याला लागली, गेली.

दादा तसाच बसून राहिला. मी गेले, भरजरी साडीनिशी त्याच्या शेजारी रस्त्यावर बसले.

"न्हाई घासलं," तो म्हणाला.

"न्हाई दादा."

त्यानं बँडवाल्यांकडं हात केला, वाजवा म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी मीच ओरडले. वर्गात ओरडते तशी.

"बघता काय? वाजवा!"