कोपरा कापलेलं पत्र

काल नातवानं पेन चालतो का बघायला लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला आणि मी त्याच्यावर खेकसलो. आमच्याकडे फक्त मयतीच्या पत्राचा कोपरा फाडतात. निजामाच्या राज्यात, महायुद्ध चालू असताना, माझा थोरला भाऊ फौजेत समुद्रापार होता. वहिनीला वाचता येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक पत्राखाली तिच्यासाठी बैल काढायचा. बैल दिसला की भाऊ खुशाल, एवढं तिला कळायचं. त्या दिवशी सेलूच्या बाजाराला न्यायच्या कापसाचा कोंदट वास अंगणात भरला होता. पत्र आलं, पण कोपरा कापलेलं. वडिलांनी ते वाचून न घेताच टराटरा फाडून उकिरड्यावर फेकलं. बायकांनी हंबरडा फोडून वहिनीचे हात धरले. "मामंजी, मला बैल बघू द्या!" ती ओरडत होती. "मेलेला काय बैल काढायलाय?" वडील गरजले आणि तिच्या बांगड्या दगडावर फुटल्या. घरात वाचता येणारा मी एकटाच होतो. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून फौजेतले साहेब लोक पत्राच्या कोपऱ्यातलं ठिकाणाचं नाव कात्रीनं कापतात, हे भावानं मागंच कळवलं होतं. तरी त्या आडमुठ्या माणसापुढं माझं तोंड उघडलं नाही. नंतर मी तुकडे वेचले, तर त्यात बैल होता. वहिनीनं तो रक्ताळल्या हातात घेतला. "तुमाला तर वाचता येतं ना, भावजी?" एवढंच ती बोलली. पुढं भाऊ धडधाकट परत आला. गावात अजून सांगतात की साहेबाच्या कात्रीनं सवाष्णीच्या बांगड्या फोडल्या. साफ खोटं आहे. मी तिथंच उभा होतो आणि वडिलांचा हात धरला नाही.